खुर्चीतून उठण्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत : उतारवयातील स्नायूक्षय थोपवण्याची पद्धतशीर वाट

सत्तरी ओलांडलेली व्यक्ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली, लोणच्याच्या बरणीचे झाकण दुसऱ्याकडून उघडून घेऊ लागली, रस्ता ओलांडताना सिग्नल संपायच्या आत पलीकडे पोहोचेनाशी झाली, की घरात बहुधा ‘आता वय झाले’ असे म्हणून विषय मिटवला जातो. त्याच व्यक्तीने ‘रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही’ अशी तक्रार केली, की मात्र तातडीने झोपेची गोळी आणली जाते. या दोन तक्रारी वेगळ्या नाहीत, हे या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. स्नायू घटले की हालचाल कमी होते. हालचाल कमी झाली की दिवस पलंगावर किंवा दूरदर्शनसमोर सरतो. दिवसभर डुलक्या झाल्या की रात्रीची झोप तुटते. आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी उठण्याचीच उमेद राहत नाही. हे चक्र कोठून तोडायचे, याचा क्रम महत्त्वाचा आहे. माझ्या मते सुरुवात पायांपासून करावी, ताटाकडे त्याच आठवड्यात लक्ष द्यावे आणि झोपेची घडी त्यानंतर बसवावी. गोळीचा विचार करायचाच झाला तर तो सर्वांत शेवटी करावा.

वयामुळे होणाऱ्या स्नायूक्षयाला १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी संशोधकाने ‘सार्कोपेनिया’ हे नाव सुचवले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र क्रमांकही मिळाला. म्हणजे ही मोजता येणारी आणि उपचार करता येणारी अवस्था आहे. स्नायूंचे वजन जितक्या वेगाने घटते त्याहून अधिक वेगाने त्यांची ताकद घटते, म्हणून पहिले मोजमाप वजनकाट्यावर करून भागत नाही.

पहिली पायरी : घरच्या घरी मोजमाप

हात नसलेली, साधारण ४३ ते ४५ सेंटिमीटर उंचीची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे धरून पाच वेळा पूर्ण उभे राहायचे आणि पाच वेळा बसायचे. जवळ उभ्या असलेल्या माणसाने मोबाइलवर वेळ मोजायची. आशियाई देशांतील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागत असेल, तर स्नायूंचे काम मंदावले आहे असे समजतात. हात टेकल्याशिवाय उठताच येत नसेल तर सेकंद मोजण्याची गरजच उरत नाही. निष्कर्ष समोर असतो.

दुसरे मोजमाप चालण्याच्या गतीचे आहे. घरातील लांब पट्ट्यात किंवा सोसायटीच्या आवारात सहा मीटरवर दोन खुणा कराव्यात, पहिल्या खुणेच्या थोडे आधीपासून नेहमीच्या चालीने चालू लागावे आणि दुसरी खूण ओलांडल्यावरच थांबावे. या सहा मीटरला सहा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर गती सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी आहे, आणि वरील निकषांनुसार ती कमीच धरली जाते. तिसरे मोजमाप पोटरीचे. शिंप्याच्या टेपने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी घेर हा इशारा आहे. पायावर सूज असेल तर मात्र हे मोजमाप फसवे ठरते.

मुले परगावी किंवा परदेशी असतील तर खुर्चीची चाचणी व्हिडिओ कॉलवरही पाहता येते, पण आई-वडिलांजवळ कोणीतरी उभे असेल तेव्हाच. ‘तुम्ही ठीक आहात ना?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘हो, अगदी मजेत’ याखेरीज उत्तर मिळत नाही. पाच वेळा उठून दाखवा म्हटले की खरी परिस्थिती कळते.

वजन स्थिर आहे म्हणून निर्धास्त राहू नये, याला आपल्याकडे विशेष कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के होती. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय शरीरात स्नायूंचा साठा मुळातच तुटपुंजा असू शकतो. उतारवयात त्या साठ्यातून वजाबाकी होत राहते, तिची जागा चरबी घेते आणि काटा जागचा हलत नाही.

दुर्बलता ही याच्या पुढची अवस्था. अमेरिकी संशोधक लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दिलेल्या पाच खुणा आजही वापरल्या जातात : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोंहून अधिक वजन उतरणे, सततचा थकवा, हाताच्या पकडीतील अशक्तपणा, मंद चाल आणि अत्यल्प हालचाल. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा असतील तर ती व्यक्ती दुर्बल समजली जाते, आणि एक-दोन असतील तर ती उंबरठ्यावर आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला मागे आणणे बरेच सोपे असते, त्यामुळे सगळी घाई तेथेच करायला हवी.

दुसरी पायरी : डॉक्टरांकडे काय न्यावे

मोजमापांचा कागद आणि सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची पिशवी घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. पिशवीत आयुर्वेदिक चूर्णे, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गोळ्या आणि खोकल्याची बाटलीही असावी. वजन आपोआप उतरले असेल तर व्यायाम आणि आहार सुरू करण्याआधी कारण शोधणे आवश्यक आहे, कारण अनियंत्रित मधुमेह, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, नैराश्य आणि बसत नसलेली कवळी ही सर्व कारणे वरून सारखीच दिसतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, क्रिएटिनिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व या तपासण्यांविषयी विचारावे. शाकाहारी व्यक्तींमध्ये आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी आढळणे नेहमीचे आहे, आणि त्याचा परिणाम पायांच्या संवेदनांवर व तोलावर होतो.

रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यानंतर, असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर रात्री लघवीला उठताना तोल जाण्याचे कारण तेच असू शकते, आणि ते औषधांच्या फेरबदलाने सुधारू शकते.

तिसरी पायरी : पायांची ताकद

शतपावलीचे आणि सकाळच्या फेरफटक्याचे फायदे आहेतच; हृदय, साखर, मन आणि मित्रमंडळ या सर्वांसाठी चालणे उत्तम. पण सपाट रस्त्यावर संथ चालल्याने मांडीच्या स्नायूंवर फारसा भार पडत नाही, आणि भार पडल्याशिवाय स्नायू वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीबरोबरच दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सुधारणारे व्यायाम सुचवले आहेत. आपल्या बागांमधून यांतील पहिला भाग उत्साहाने पाळला जातो आणि उरलेले दोन बहुतेकांना ठाऊकच नसतात.

मुख्य व्यायाम खुर्चीतून उठण्याचाच आहे. पहिल्या दोन आठवड्यांत हातांचा आधार घेतला तरी चालेल. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी ठेवून उंची वाढवावी. पाऊल गुडघ्याच्या किंचित मागे घ्यावे, कंबरेतून पुढे झुकावे आणि श्वास सोडत उठावे; बसताना मात्र धपकन न बसता मनात चारपर्यंत मोजत खाली यावे, कारण सावकाश खाली येण्यातच स्नायूला खरे काम पडते. आठ वेळा उठून दोन मिनिटे विश्रांती घ्यावी आणि पुन्हा आठ वेळा उठावे. हे एक दिवसाआड करावे. शेवटची दोन उठणी जड वाटली पाहिजेत, इतकी की नववे-दहावे नको वाटावे. पण बोलता येत नाही इतका दम लागता कामा नये. सलग बारा सहज जमू लागली की हातांचा आधार सोडावा, त्यानंतर उशी काढावी, आणि त्यानंतर छातीशी एक किलो तांदळाची पिशवी धरावी. भार वाढवण्याची ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग तीन महिन्यांनी काहीच फरक पडला नाही म्हणून सोडून देतात.

याच्या जोडीला स्वयंपाकघरातील ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीवर हात टेकून भिंत ढकलल्यासारखे पुढे-मागे होणे, आणि पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात घेऊन कोपर मागे खेचणे, एवढे पुरेसे आहे. तोलासाठी ओट्याजवळच उभे राहून एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावावी आणि दहा सेकंद टिकण्याचा प्रयत्न करावा. बोटे ओट्यापासून वीतभर अंतरावर असू द्यावीत.

जमिनीवर बसून उठण्याची सवय ज्यांना अजून आहे, त्यांनी ती केवळ पाहुण्यांसाठी खुर्च्या आल्या म्हणून सोडू नये. ज्यांची सुटली आहे, त्यांनी फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, मग भक्कम खुर्चीचा आधार घेऊन उठण्याची पद्धत शिकून घ्यावी. पडल्यानंतर तासन्‌तास जमिनीवर अडकून राहण्याचा धोका त्यामुळे कमी होतो.

‘ऐंशीव्या वर्षी आता काय ताकद येणार?’ या शंकेचे उत्तर १९९० मध्येच मिळाले आहे. बॉस्टनमधील संशोधक मारिया फियाटारोन यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या नव्वदीच्या आसपासच्या दहा व्यक्तींकडून आठ आठवडे वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला, आणि ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

छातीत दडपण, डोळ्यांपुढे अंधारी, अचानक धाप किंवा सांध्यात तीव्र कळ आल्यास तत्काळ थांबावे. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. हाडे ठिसूळ झाल्याचे निदान असेल तर कंबरेतून पुढे वाकण्याची आसने व वाकून वजन उचलणे टाळावे. पश्चिमोत्तानासन या वयात हट्टाने करण्यासारखे नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये.

चौथी पायरी : ताटातील प्रथिने

भारतीय प्रौढांसाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. वृद्धांच्या पोषणावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ गटांचा सल्ला १.० ते १.२ ग्रॅमचा आहे, आणि आजारपणात त्याहून अधिक. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला रोज ६० ते ७२ ग्रॅम. ज्यांचे मूत्रपिंड बरेच निकामी झाले आहे परंतु डायलिसिस सुरू नाही, अशांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.

आता शाकाहारी मराठी घरातील एका साध्या दिवसाचा हिशेब करू. सकाळी चहा-खारी आणि बशीभर पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर पातळ वरण, मूठभर भात आणि ताक, संध्याकाळी पुन्हा चहा, रात्री ‘पचायला हलके’ म्हणून मऊभात किंवा दूध-पोळी. अंदाजे बेरीज ३५ ते ४० ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि त्यातही सकाळ-रात्र जवळजवळ कोरडी जाते. उतारवयातील स्नायूला बांधणीसाठी एकेका जेवणात पुरेशी, साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिने लागतात; दुपारच्या भरल्या ताटाने रात्रीची तूट भरून निघत नाही.

यासाठी महागडे डबे आणण्याआधी स्वयंपाकातच बदल करावेत. नाश्त्याला साठ ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि वाटीभर दही घेतले तर १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात; दोन अंडी चालत असतील तर तेथे १२ ग्रॅमची भर पडते. दुपारी वरण दाट करावे आणि त्याबरोबर मटकीची किंवा मुगाची उसळ रोज असावी. चार वाजता बिस्किटांऐवजी तीस ग्रॅम फुटाणे. दात नसतील तर त्यांचेच पीठ ताकात कालवून द्यावे. रात्रीच्या खिचडीत तांदळाइतकीच डाळ घालावी, किंवा भाकरीबरोबर पिठले करावे. झोपण्याआधी पेलाभर दुधातून सहा-सात ग्रॅम मिळतात. आठवड्यातून दोनदा तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या रश्श्यात घातल्या तर एका वेळी पंधरा ग्रॅमची सोय होते. कोकणात आणि गोव्यात, जेथे मासे रोजचे आहेत, तेथे शंभर ग्रॅम बांगड्यात १८-२० ग्रॅम असतात. सुकट-जवळ्यातील मीठ मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

उपवासांविषयी स्पष्ट बोलायला हवे. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात ती दाण्याच्या कुटाची. चातुर्मासात आठवड्याला दोन-तीन उपवास करणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या आजींना उपवास सोडा म्हणण्यात अर्थ नाही आणि तसे म्हणण्याचा आपल्याला अधिकारही नाही. राजगिऱ्याची लापशी दुधात, दही, पनीर आणि दाण्याची आमटी मात्र उपवासाला चालते, तेवढी त्यांच्या ताटात वाढता येते.

पाचवी पायरी : झोपेची घडी

पासष्टीनंतर सात ते आठ तास झोप योग्य मानली जाते. या वयात गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप सहज मोडते आणि शरीराचे घड्याळ पुढे सरकते, म्हणजे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. रात्री साडेआठला आडवे होऊन साडेतीनला जागा होणारा माणूस सात तास झोपलेला असतो. त्याला निद्रानाश नाही, त्याचे वेळापत्रक मागे-पुढे झाले आहे.

म्हणून आधी दोन आठवडे वहीत रोज सकाळी चार गोष्टी लिहाव्यात : अंथरुणात किती वाजता गेलो, अंदाजे झोप कधी लागली, किती वेळा उठलो, शेवटी किती वाजता उठलो. दुपारची झोपही लिहावी. बहुतेक वह्यांत असे दिसते की माणूस नऊ-दहा तास अंथरुणात पडून असतो आणि झोपतो सहा तास. उरलेले तीन-चार तास कूस बदलण्यात आणि काळजीत जातात, आणि अंथरूण म्हणजे जागे राहण्याची जागा, अशी मेंदूला सवय लागते. यावर उपाय म्हणजे अंथरुणातील वेळ आटोक्यात आणणे. सकाळी उठण्याची वेळ पक्की करावी; सरासरी झोपेत अर्धा तास मिळवून तेवढाच वेळ अंथरुणात घालवावा, पण तो सहा तासांपेक्षा कमी करू नये; झोप सलग होऊ लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावीत. अपस्मार किंवा तीव्र मनोविकार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांशिवाय करू नये. निद्रानाशासाठी गोळीआधी सुचवल्या जाणाऱ्या वर्तनोपचाराचा हा गाभा आहे.

वामकुक्षी बंद करण्याची गरज नाही. ती तीन वाजायच्या आत आणि वीस-तीस मिनिटांत आटोपावी. सकाळी अर्धा तास गच्चीत किंवा गॅलरीत उजेडात बसावे, संध्याकाळी पेंग लवकर येणाऱ्यांनी मावळतीपूर्वी पुन्हा बाहेर पडावे. चारच्या चहानंतर चहा-कॉफी नको, कारण कॅफिनचा निम्मा अंश सुमारे पाच तासांनीही शरीरात असतो.

वारंवार लघवीला उठावे लागत असेल तर सायंकाळी पाणी कमी करणे हा अर्धाच उपाय आहे. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते आणि लघवीवाटे बाहेर पडते. म्हणून पायांना सूज असणाऱ्यांनी दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवावेत. लघवीची गोळी रात्री घेतली जात असेल तर तिची वेळ डॉक्टरांना विचारून बदलावी. मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडकणे, पायांत अस्वस्थ वळवळ, किंवा झोपेत स्वप्नानुसार हात-पाय झाडणे, या तिन्हींसाठी वेगळी तपासणी लागते.

अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्यांनी वृद्धांमध्ये तोल जाणे, विसराळूपणा आणि पडून हाड मोडणे यांचा धोका वाढतो, आणि सर्दी-खोकल्याच्या औषधांतील क्लोरफेनिरामिन व डायफेनहायड्रामिन यांनीही गोंधळलेपणा येऊ शकतो. वर्षानुवर्षे चालू असलेली गोळी मात्र एकदम बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यांच्या अंतराने उतरवत न्यावी लागते.

तरुण प्रौढांवर २०२१ मध्ये झालेल्या एका प्रयोगात एका पूर्ण रात्रीच्या जागरणाने स्नायूंतील प्रथिनांची बांधणी १८ टक्क्यांनी घटली होती. उतारवयात ती बांधणी आधीच मंद असते, त्यामुळे व्यायाम आणि धिरडी यांचा पुरेपूर उपयोग व्हायचा तर रात्रही सावरावी लागते.

रात्रीच्या वाटेची सोय

पलंग ते न्हाणीघर या वाटेवर पायाशी मंद दिवा, न्हाणीघरात पकडदांडा, खरखरीत लादी किंवा रबरी चटई, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी असावी. घोळदार गाऊन, सैल लुंगी आणि गुळगुळीत स्लिपर यांनी पडण्याचे प्रसंग वाढतात. उठल्याबरोबर चालू न लागता मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून घोटे हलवावेत.

आजारपणातील दहा दिवस

न्यूमोनिया, डेंग्यू किंवा शस्त्रक्रिया, कारण काहीही असो, अंथरूण धरले की स्नायू झपाट्याने जातात. २००७ मधील एका अभ्यासात निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो स्नायुयुक्त वस्तुमान घटले. म्हणून ‘त्यांना पूर्ण विश्रांती द्या’ हा पाहुण्यांचा सल्ला ऐकण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, ‘आज खुर्चीत बसवू का? उद्या दारापर्यंत चालवू का?’ परवानगी मिळताच जेवण खुर्चीत द्यावे, पेजेत मूगडाळ किंवा दूध-भुकटी घालावी आणि दिवसा पडदे उघडे ठेवावेत.

बारा आठवड्यांनी खुर्चीची आणि सहा मीटर चालण्याची चाचणी त्याच खुर्चीवर, त्याच जागी आणि शक्यतो त्याच वेळी पुन्हा करावी. वेळ कमी झाली असेल तर भार वाढवून पुढे जावे. नियमित करूनही फरक पडला नसेल, तर फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाची पद्धत तपासून घ्यावी, रोजच्या ताटातील प्रथिनांची पुन्हा बेरीज करावी आणि मोजमापांचा कागद घेऊन डॉक्टरांकडे परत जावे. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात एकदा जरी पडणे झाले असेल, लागले नसले तरीही, तर बारा आठवडे थांबू नये.